हुकूमनाम्याची रक्कम सात वर्षांपूर्वी फेडली, तरीही गृहकर्ज नाकारले: आता काय करावे?

जुना_टॉवेलवाला (सोलापूर)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण मधले काही गाळले तर उत्तर देणाऱ्याची दिशाभूल होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. वडील आणि मी अशी दोघांची भागीदारी पेढी होती. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो आणि भागीदारीपत्रावर सही करण्यापलीकडे माझा त्या धंद्याशी फारसा संबंध नव्हता. सूत उधारीवर घेतलेले आणि तयार माल उचलणारे गिऱ्हाईक मात्र पैसे थकवणारे, अशा साखळीत आम्ही सापडलो, आणि एका सूत व्यापाऱ्याने पेढी, वडील व मी अशा तिघांवर दिवाणी न्यायालयात रक्कम वसुलीचा दावा लावला. समन्स आले तेव्हा "बाजारातला माणूस आहे, बोलून मिटवतो" असे म्हणत वडिलांनी वकीलच दिला नाही. मार्च २०१६ मध्ये २,८५,००० रुपये व त्यावर दरसाल सहा टक्के व्याज असा एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आमची बाजू न ऐकता रक्कम देण्याचा न्यायालयाचा आदेश, आमच्याविरुद्ध झाला. पुढच्या वर्षी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाली आणि न्यायालयाचा बेलिफ कारखान्यावर येऊन गेला.

शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये आम्ही माग विकले, व्यापाऱ्याशी तडजोड केली आणि तीन धनादेशांनी त्यांना ३,१०,००० रुपये दिले. त्यांनी आपल्या पेढीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी "आमचे काही येणे राहिलेले नाही" असे लिहून दिले. तो कागद आणि बँकेचे उतारे आजही माझ्याजवळ आहेत. वडील २०२१ मध्ये गेले.

मी आता एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे, पगार महिना ४८,००० रुपये. जुळे सोलापुरात एक वापरलेली सदनिका २७ लाख ५० हजारांना ठरवली, साठेखत करून एक लाख रुपये इसार दिला आणि २२ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला. सिबिल (पतमाहिती कंपनी) कडील गुण ७७१ निघाले, तत्त्वतः मंजुरीही मिळाली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी शाखेतून "लीगल निगेटिव्ह आले आहे" एवढाच निरोप मिळाला. प्रत्यक्ष जाऊन विचारल्यावर कळले की बँकेच्या पॅनेलवरील वकिलांना माझ्याविरुद्धचा हुकूमनामा सापडला असून त्याची फेड झाल्याची नोंद कुठेच नाही.

पैसे दिलेले असताना हे कसे होते? सिबिलमध्ये यातले काहीच दिसत नाही, मग दुसऱ्या बँकेत अर्ज केला तर चालेल का? साठेखताची मुदत ३० नोव्हेंबरला संपते, त्यामुळे माझ्याकडे जेमतेम दीड महिना आहे.

पेठेतला_रहिवासी

तुमच्या जागी मी असतो तर एका बँकेवर अडून बसलो नसतो. सिबिल ७७१ असताना कोणतीतरी गृहवित्त कंपनी कर्ज देईलच, व्याज अर्धा-एक टक्का जास्त पडेल इतकेच. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकून ठेवावेत, म्हणजे वेळ जाणार नाही. शिवाय हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांतच करता येते असे मी ऐकले आहे. म्हणजे मार्च २०२८ नंतर हे प्रकरण आपोआप संपेल. तोपर्यंत घाई नसेल तर भाड्याच्या घरातही दिवस निघतातच.

निवृत्त_शाखाधिकारी

वरील सल्ल्यातील तीन-चार ठिकाणी अर्ज टाकण्याची सूचना कृपया अमलात आणू नये. प्रत्येक अर्जासाठी कर्जदाती संस्था तुमचा पतअहवाल मागवते, त्या प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात राहते, आणि थोड्या दिवसांत अशा चार नोंदी दिसल्या की पाचवा अधिकारी "यांना बाकीच्यांनी का नाकारले?" असे स्वतःलाच विचारू लागतो. आज तुमचा जो एक भाग स्वच्छ आहे तोही त्यामुळे डागाळेल.

आता बँकेची बाजू सांगतो, कारण मी ३१ वर्षे त्या खुर्चीत काढली आहेत. सिबिल व तत्सम पतमाहिती कंपन्या २००५ च्या कायद्याखाली चालतात आणि त्यांच्याकडे बँका, वित्त कंपन्या यांसारख्या सभासद कर्जदात्या संस्थांकडूनच माहिती जाते. सूत व्यापारी हा अशा अर्थाने कर्जदाता नव्हे, त्यामुळे त्याची उधारी थकली काय किंवा फिटली काय, तुमच्या गुणांवर त्याचा परिणाम होत नाही. बँकेचे वकील मात्र सिबिल पाहत नाहीत. ते न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून जिल्ह्यातील दावे शोधतात. तुमचा पतअहवाल आणि न्यायालयाचे दप्तर ही दोन वेगळी कपाटे आहेत, आणि तुमची अडचण दुसऱ्या कपाटात आहे.

अडचण किती मोठी, याचा हिशेब बँक कसा मांडते तेही पाहा. मूळ २,८५,००० वर सहा टक्क्यांनी वर्षाला १७,१०० रुपये व्याज होते. मार्च २०१६ पासून आजवरचे साडेनऊ वर्षांहून अधिक काळाचे व्याज धरले तर दप्तराप्रमाणे तुमच्याकडे सुमारे चार लाख एकोणपन्नास हजार रुपये येणे आहे, कारण तुम्ही दिलेले तीन लाख दहा हजार त्या दप्तराला ठाऊकच नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीतून वगळलेले असतात. म्हणजे तुमच्या ४८,००० मधून, भत्त्यांची वजावट बाजूला ठेवली तर, महिन्याला १५,६६६ रुपयांपर्यंत जप्ती बसू शकते. २२ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी १९,००० च्या आसपास जातो. दोन्ही वजा केल्यावर तुमच्या हाती तेरा हजार राहतात, आणि तेरा हजारांत घर चालवणारा माणूस हप्ता चुकवणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. घरावर आमचे गहाण आधी नोंदले गेले तर तारणाची फारशी चिंता नसते; चिंता असते ती परतफेडीची.

मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि तिचे उत्तर इथे प्रांजळपणे द्यावे. कर्जाच्या अर्जात "आपल्याविरुद्ध कोणताही दावा, हुकूमनामा अथवा वसुलीची कारवाई झाली आहे काय?" अशा अर्थाचा रकाना असतो. त्यात आपण काय लिहिले?

जुना_टॉवेलवाला (सोलापूर)

साहेब, "नाही" असे लिहिले. म्हणजे अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने सगळीकडे "नाही" केले आणि मी सही केली. पैसे फेडल्यामुळे ते प्रकरण संपले असेच मी धरून चाललो होतो, लपवण्याचा हेतू नव्हता.

निवृत्त_शाखाधिकारी

हेतू नव्हता हे मी मान्य करतो, परंतु नकाराचे अर्धे कारण तिथे आहे. जुना हुकूमनामा सांगून आलेला अर्जदार आणि जुना हुकूमनामा सापडलेला अर्जदार यांच्याकडे पाहण्याची मंजुरी अधिकाऱ्याची नजर वेगवेगळी असते. पुढचा अर्ज स्वतः भरावा, त्या रकान्यात "होय" लिहावे आणि सोबत एक पानी खुलासा जोडावा.

तसेच नकाराचे कारण लेखी मागावे. कोणत्याही रकमेचे कर्ज नाकारताना त्याची कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २००७ मध्येच सांगितलेले आहे. "लीगल निगेटिव्ह" हे कारण नव्हे, तो शाखेतला बोलीभाषेतला शेरा आहे. लेखी कारण हाती आले म्हणजे नेमके काय दुरुस्त करायचे हे कळते, आणि दुरुस्तीनंतर त्याच शाखेत फेरविचाराची मागणी करता येते.

दिवाणी_वकील_होटगी_रोड

शाखाधिकारी साहेबांनी बँकेचा भाग नेमका सांगितला आहे. मी न्यायालयाचा भाग सांगतो. मूळ कागद न पाहता लिहीत आहे, त्यामुळे प्रत्यक्ष पाऊल आपल्या वकिलांना कागद दाखवूनच उचलावे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधील नियम २ असा आहे की, हुकूमनाम्याची रक्कम न्यायालयाबाहेर दिली किंवा न्यायालयाबाहेर तडजोड झाली, तर हुकूमनामाधारकाने (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याने) तसे न्यायालयाला कळवून त्याची नोंद करून घ्यायची असते. आणि अशी नोंद झालेली नसेल तर अंमलबजावणी करणारे न्यायालय त्या फेडीची दखल घेत नाही. बाजारात पावती म्हणजे शेवट असतो, न्यायालयात पावती ही फक्त सुरुवात असते. तुमच्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी यंत्रमागधारकांनी इथेच चूक केली आहे, आणि ती चूक घर घेताना किंवा घर विकताना वर येते.

ऋणकोलाही (ज्याने रक्कम द्यायची त्यालाही) ही नोंद करून घेण्यासाठी स्वतः अर्ज देता येतो, पण मुदत कायद्याने त्यासाठी दिलेले दिवस फक्त तीस आहेत, आणि तुमचे तीस दिवस २०१८ मध्येच संपले. हुकूमनामाधारकाने स्वतः येऊन "माझी फेड झाली" असे सांगण्याला मात्र ही मुदत आड येत नाही. त्यामुळे सगळा मार्ग त्या सूत व्यापाऱ्याच्या दुकानातून जातो. ते हयात असतील आणि संबंध बिघडलेले नसतील तर काम अवघड नाही.

दरखास्त आज कोणत्या अवस्थेत आहे हे आधी पाहावे. ई-कोर्ट्सवर ती प्रलंबित दिसत असेल तर त्याच दरखास्तीत हुकूमनामाधारकाच्या सहीची फेडीची पुरशिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल होते आणि दरखास्त पूर्ण वसुलीने निकाली निघते. ती पूर्वीच निकाली झालेली असेल, तर ती कशी निकाली झाली हे महत्त्वाचे आहे. दरखास्तदार तारखांना हजर राहिला नाही म्हणून निकाली निघालेली दरखास्त म्हणजे फेड नव्हे. हुकूमनामा जिवंतच राहतो आणि मुदतीत नवी दरखास्त टाकता येते. माझा अंदाज आहे की तुमच्या बाबतीत हेच झाले असावे: पैसे मिळाल्यावर व्यापाऱ्याने तारखांना जाणे सोडून दिले आणि कोणीही काही कळवले नाही. तसे असेल तर हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयात हुकूमनामाधारकाने नियम २ खाली वेगळा अर्ज द्यावा लागेल.

अर्जातील शब्दांबाबत एक सूचना करतो. तुम्ही दिलेली रक्कम व्याजासह होणाऱ्या रकमेपेक्षा थोडी कमी आहे. म्हणून "३,१०,००० रुपये मिळाले" एवढेच लिहू नये, तर "तडजोडीपोटी ३,१०,००० रुपये पूर्ण व अंतिम म्हणून मिळाले असून हुकूमनाम्याची संपूर्ण फेड झाली आहे आणि पेढी व दोन्ही भागीदारांविरुद्ध कोणतेही येणे उरलेले नाही" असे स्पष्ट लिहावे. नाहीतर उरलेल्या रकमेचा प्रश्न पॅनेलवरील वकील पुन्हा काढतील, आणि त्यांचे चुकणारही नाही. भागीदारीत प्रत्येक भागीदार संपूर्ण देण्याला जबाबदार असतो, त्यामुळे "मी नावापुरता भागीदार होतो" हा खुलासा बँकेपुढे करू नये; त्याने काही साधत नाही.

२०२८ पर्यंत थांबण्याबद्दल: बारा वर्षांची मुदत खरी आहे. परंतु त्याआधी दाखल झालेली दरखास्त त्यानंतरही चालू राहते, आणि मुदत संपलेला हुकूमनामा हा फेडलेला हुकूमनामा ठरत नाही. पहिल्यात वसुली बुडाली असा अर्थ निघतो, दुसऱ्यात माणूस शब्दाचा पक्का निघतो.

विडी_घरकुल_परिसर

माझा अनुभव सांगतो, कारण वकील साहेबांनी "ते हयात असतील तर" असे जे लिहिले आहे त्यातला "तर" मी भोगला आहे.

मी मित्राच्या कर्जाला जामीनदार होतो. सावकारी परवाना असलेल्या एका गृहस्थाचे कर्ज होते. मित्राने थकवले, दावा झाला, हुकूमनामा दोघांवर झाला आणि रक्कम अखेर मी भरली. पावती घेतली आणि विसरून गेलो. पाच वर्षांनी कर्जासाठी अर्ज केला तेव्हा दरखास्त प्रलंबित निघाली आणि ते गृहस्थ वारलेले होते. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. एक मुलगी हैदराबादला, एक मुलगा भावांशी बोलत नसलेला. सर्वांना वारस म्हणून दप्तरावर आणावे लागले. माझे नशीब एवढेच की त्या गृहस्थांच्या वहीत माझ्या रकमेची नोंद त्यांच्याच अक्षरात सापडली. शेवटी दरखास्त लोकअदालतीत ठेवली, पाचही वारसांनी तडजोडीवर सह्या केल्या आणि तिथेच ती निकाली निघाली. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे बँकेने तो कागद एका वाचनात स्वीकारला. पण या सगळ्यात अकरा महिने गेले आणि ठरवलेले घर हातचे गेले.

तेव्हा व्यापारी हयात असतील तर उद्याच जावे. आणि जाताना वकिलाची नोटीस घेऊन जाऊ नये, पेढे घेऊन जावेत.

पेठेतला_रहिवासी

माझा सल्ला मी मागे घेतो. सिबिल आणि न्यायालयाचे दप्तर वेगळे असते हे मला ठाऊक नव्हते.

जुना_टॉवेलवाला (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या पाच दिवसांत झालेले सांगतो.

ई-कोर्ट्सवर पाहिले. वकील साहेबांचा अंदाज बरोबर निघाला: दरखास्त २०१९ मध्ये दरखास्तदार गैरहजर म्हणून निकाली निघालेली आहे, फेडीचा उल्लेख कुठेही नाही.

काल संध्याकाळी साखर पेठेतील त्यांच्या दुकानात गेलो. दुकान आता मुलगा पाहतो. व्यापारी स्वतः ऐंशीच्या घरात आहेत, पण दुपारनंतर गादीवर येऊन बसतात. त्यांनी मला ओळखले नाही, वडिलांचे नाव सांगितल्यावर लगेच ओळखले आणि म्हणाले, "त्याने मला शेवटचा चेक स्वतः आणून दिला होता." मुलगा जरा सावध होता. न्यायालयात सही करायची म्हणजे वडिलांना पुन्हा कशात तरी गुंतवले जाईल अशी त्याला भीती वाटत होती, आणि ती मला अवास्तव वाटली नाही. मी तिन्ही धनादेशांच्या नोंदी दाखवल्या आणि त्याने आपल्या जुन्या संगणकातील खातेवहीशी त्या ताडून पाहिल्या. तिन्ही रकमा जुळल्या. वकिलाचा व अर्जाचा सर्व खर्च मी करेन असे सांगितल्यावर तो तयार झाला.

आता दोन शंका उरल्या आहेत. वृद्ध माणसाला न्यायालयात प्रत्यक्ष उभे राहावे लागेल का? आणि विक्रेत्याला काय सांगू? दीड महिन्यात हे सारे होईल अशी खात्री मला स्वतःलाच नाही.

दिवाणी_वकील_होटगी_रोड

ते लवकर तयार झाले ही मोठी गोष्ट आहे. आता त्यांचा उत्साह ताजा आहे तोवर अर्ज दाखल करावा.

अर्जासोबत त्यांचे प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत, तुमच्याकडील पावती आणि तिन्ही धनादेशांचे बँक उतारे जोडावेत. न्यायाधीशांना फेड स्वेच्छेने मान्य केली जात आहे याची खात्री करून घ्यायची असते, त्यामुळे एकदा प्रत्यक्ष हजर राहावे लागण्याची शक्यता धरून चालावे. वयाचा उल्लेख करून आपल्या वकिलांनी त्या दिवशी प्रकरण लवकर पुकारण्याची विनंती करावी, ती सहसा मान्य होते. मुलाने सोबत यावे, म्हणजे त्याची भीतीही जाईल. त्यांनी मूळ दावा ज्या वकिलांमार्फत लावला होता तेच वकील अजून काम करत असतील तर अर्ज त्यांच्यामार्फतच द्यावा. जुनी संचिका त्यांच्याकडे असते आणि न्यायालयाला ओळखीचा चेहरा दिसतो.

आदेश झाल्यावर नुसती त्याची छायाप्रत घेऊन बँकेत धावू नये. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल मागावी, आणि तो आदेश ई-कोर्ट्सवर दिसू लागला आहे का तेही पाहावे, कारण पॅनेलवरील वकील पुन्हा तिथेच पाहणार आहेत. नक्कल दोन प्रतींत घ्यावी: एक बँकेसाठी, एक घरच्या कपाटासाठी.

विक्रेत्याला खरे कारण सांगून आजच मुदतवाढ मागावी, ३० नोव्हेंबरची वाट पाहू नये. साठेखतात कर्ज न मिळाल्यास इसार परत करण्याचे कलम आहे का, हे वाचून पाहा. पुष्कळ ठिकाणी ते नसते, उलट मुदतीत खरेदी न केल्यास इसार जप्त असे असते. मुदतवाढ तोंडी घेऊ नये. दोघांच्या सह्यांचा लेख करावा, साठेखत नोंदणीकृत असेल तर हा लेखही नोंदवावा, आणि त्याच लेखात कर्जाबाबतचे कलम घालता आले तर घालून घ्यावे.

निवृत्त_शाखाधिकारी

एक छोटी भर. त्याच शाखेत फेरविचारासाठी जाताना नवा अर्ज, "होय" लिहिलेला रकाना, खुलासा, पावती, बँक उतारे आणि न्यायालयाच्या आदेशाची नक्कल हे सर्व याच क्रमाने एका फायलीत लावून द्यावे. मंजुरी अधिकारी फाईल वरून खाली वाचतो. खुलाशाच्या आधी हुकूमनामा समोर आला तर त्याचे मत तिथेच बनते.

जुना_टॉवेलवाला (सोलापूर)

साठेखत काढून वाचले. इसार जप्तीचे कलम आहे, कर्जाचे नाही. विक्रेत्यांना आत्ताच फोन केला. ते रविवारी भेटायला या म्हणाले. व्यापाऱ्यांचे जुने वकील अजून काम करतात, सोमवारी अकराची वेळ मिळाली आहे.